'बॉनी अँड क्लाइड'वर मतं फुटतात, ती नेमकी कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७), एका खऱ्या दरोडेखोर जोडप्यावरचा अमेरिकन चित्रपट, दाखवला आणि नंतरच्या चर्चेत तीन तट पडले. काहींना ती थोर प्रेमकथा वाटली. काही भडकले, कारण त्यांच्या मते हे खुनी दरोडेखोरांचं उदात्तीकरण आहे. बाकीच्यांचं म्हणणं, 'धड विनोदी नाही, धड गंभीर नाही, दिग्दर्शकालाच ठरवता आलेलं नाही.' तर या मतांचं करायचं काय, आणि बरोबर कोण?

मी संकलक आहे. कामाचा भाग म्हणून ट्रायल शोला बसावं लागतं, आणि तिथे मी पडद्याकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघते. कोण कधी पुढे सरकून बसलं, कोणी कधी मोबाइल काढला, हसू कुठे आलं आणि कुठे अर्धवट राहिलं. शो संपल्यावर लोक जे बोलतात त्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. म्हणून 'बरोबर कोण' याच्या आधी मी वेगळंच विचारीन: तुमच्या हॉलमध्ये शेवटचं मोठं हसू कुठे आलं?

माझा अंदाज, गाडी पार्क करण्याच्या प्रसंगात.

तो प्रसंग पुन्हा बघा. बॉनी आणि क्लाइड बँकेत शिरलेत. बाहेर गाडी चालू ठेवून थांबायचं काम सी. डब्ल्यू. मॉस या पोरसवदा मेकॅनिककडे आहे. समोर एक जागा रिकामी होते आणि हा शहाणा दोन गाड्यांच्या मध्ये गाडी नीट लावून बसतो. दोघं पैसे घेऊन बाहेर येतात तर गाडी दिसत नाही. मग आरडाओरडा, मागच्या गाडीला धडक, पुढच्या गाडीला धडक. हॉल खिदळतोय. तेवढ्यात बँकेचा एक म्हातारा माणूस गाडीच्या पायरीवर उडी मारतो, क्लाइड घाबरून काचेतून गोळी झाडतो, आणि फुटलेल्या काचेमागे तो रक्ताळलेला चेहरा.

ज्यांनी कधी एडिट केलंय त्यांना इथे काय केलंय ते लगेच कळेल. रूढ पद्धतीने हा प्रसंग कापायचा तर हसू आणि गोळी यांच्यामध्ये कुणीही थोडी जागा ठेवेल. एखादा बघ्याचा शॉट, रस्त्याचा एखादा लाँग शॉट, म्हणजे हॉल शांत होईल आणि काहीतरी वाईट घडणार याची तयारी होईल. या चित्रपटाच्या संकलक डीडी अॅलन यांनी ती जागा दिलेली नाही. तोंड हसायला उघडलेलं असतानाच माणूस मरतो. आणि त्यानंतर ही टोळी लपायला जाते ती थेट एका थिएटरात. पडद्यावर १९३३ सालचा झगमगीत संगीतपट चालू आहे, क्लाइड मॉसला दबक्या आवाजात झापतोय, आणि बॉनी सिनेमा बघण्यात गुंग आहे. तिची नजर पडद्यावरून हलत नाही. प्रेक्षकाला आरसा दाखवण्याचा इतका उघड प्रयत्न खरं तर मला खटकायला हवा, पण इथे खटकत नाही, कारण तोपर्यंत आपणही तेच करत होतो.

तुमचे तिन्ही तट इथेच जन्मले असं माझं म्हणणं आहे. ज्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली तो चित्रपटाबरोबर राहिला. ज्याला आपल्याला हसवून फसवलं असं वाटलं तो चिडला, आणि पुढे जे जे दिसलं ते त्याने त्या रागातूनच पाहिलं. तिसऱ्याला हा सूर बदलणं हातून निसटल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे या तिसऱ्या तटाने चित्रपट सगळ्यात बारकाईने पाहिलाय. 'धड हे नाही, धड ते नाही' हे निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. दिग्दर्शक आर्थर पेन यांनी तो ठरवून तसा केला होता, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही. जीन वाइल्डर हा नट असलेला प्रसंग घ्या. चोरलेल्या गाडीत तो आणि त्याची मैत्रीण कोंबलेले, सगळे खात-पीत, विनोद सांगत चाललेत. बॉनी सहज विचारते, तुम्ही काम काय करता? तो सांगतो, प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था. दुसऱ्या क्षणी दोघं रस्त्यावर! एका वाक्यात विनोदाचा बर्फ होतो. ही घडी या चित्रपटात वारंवार येते.

तुमच्या क्लबमधलं भांडण नवीनही नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा अगदी हेच झालं. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉझली क्राउदर यांनी तो धुऊन काढला: खऱ्या खुन्यांच्या किळसवाण्या कृत्यांची स्वस्त धांगडधिंगा विनोदिका केली आहे, असा त्यांच्या लिखाणाचा सूर होता. एकदा लिहून ते थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. वाचकांनी पत्रं लिहून त्यांच्याशी वाद घातला. १९४० पासून त्या पदावर असलेले क्राउदर १९६८ च्या सुरुवातीला तिथून गेले, आणि या चित्रपटानेच त्यांची खुर्ची घालवली असं आजही सांगितलं जातं. त्यांना म्हातारा, बुरसटलेला ठरवून हसण्याची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. हाच माणूस सेन्सॉरशिपविरुद्ध लिहीत होता, अमेरिकन वाचकांना परदेशी चित्रपटांची ओढ लावत होता. हिंसा दाखवू नका असं त्याचं म्हणणं नव्हतं. हिंसेला हसवू नका, असं होतं. तुमच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे का?

'न्यूजवीक'च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांची गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. त्यांनी पहिल्या परीक्षणात चित्रपट मोडीत काढला. मग तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांत बसून पुन्हा पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच मासिकात, आपलं आधीचं परीक्षण चुकलं होतं असं लिहिलं. चित्रपट तोच, डोळे तेच. बदलला तो हॉल. हसणारे आणि मग अचानक गप्प होणारे लोक आजूबाजूला असतील तर ती पार्किंगची गोळी वेगळी लागते. एकट्याने लॅपटॉपवर पाहिली तर तीच गोळी निव्वळ रक्तपात वाटू शकते. तुमच्या क्लबमध्ये ज्यांनी आधी घरी पाहिला होता त्यांची मतं वेगळी काढून बघा.

ऑक्टोबरमध्ये समीक्षक पॉलीन केल यांचा लांबलचक लेख 'न्यूयॉर्कर'मध्ये आला. तो आधी दुसऱ्या एका साप्ताहिकाने नाकारला होता. या चित्रपटात हिंसा हाच अर्थ आहे, ती काढली तर काही उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. शिकागोत पंचवीस वर्षांचा, नुकताच समीक्षक झालेला रॉजर इबर्ट आधीच चार तारे देऊन मोकळा झाला होता. डिसेंबरमध्ये 'टाइम'ने मुखपृष्ठावर घेतला, आणि याच 'टाइम'ने आधी नाक मुरडलं होतं. वॉर्नर ब्रदर्सने सुरुवातीला फारसा जीव न लावता सोडलेला चित्रपट १९६८ मध्ये पुन्हा थिएटरात आणला. सुमारे २५ लाख डॉलरमध्ये केलेल्या या चित्रपटाने कित्येक पटींनी कमाई केली. ऑस्करची दहा नामांकनं आली, दोन पुरस्कार मिळाले: एस्टेल पार्सन्सला सहायक अभिनेत्रीचा आणि बर्नेट गफी यांना छायाचित्रणाचा. संकलनाला साधं नामांकनही नाही. (हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या धंद्यात या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.)

१९६७ चा उन्हाळा कसा होता हेही लक्षात घ्या. व्हिएतनामचं युद्ध रोज रात्री टीव्हीवर, जुलैमध्ये डेट्रॉइट पेटलेलं. हॉलिवूडची जुनी नैतिक नियमावली मोडकळीला आली होती, आणि वयोगटानुसार प्रमाणपत्रं द्यायची नवी पद्धत १९६८ च्या नोव्हेंबरात आली. हा चित्रपट बरोबर त्या मधल्या फटीत सापडला. तरुणांना त्यात आपला राग दिसला, थोरांना आपल्या पोरांचा.

आता प्रेमकथेबद्दल. पहिल्या तटातल्या कुणीतरी 'थोर प्रेम' म्हटलं, त्यावर कुणी 'यांच्यात तर काहीच होत नाही' असं म्हटलं असणार. दोघांचंही बरोबर आहे. क्लाइड शरीरसंबंध करू शकत नाही हे चित्रपट अगदी सुरुवातीलाच सांगतो. बॉनी त्याच्या पिस्तुलावरून बोटं फिरवते, तो दुकान लुटून दाखवतो, ती गाडीत त्याच्यावर झेपावते आणि तो तिला दूर ढकलतो. रॉबर्ट बेंटन आणि डेव्हिड न्यूमन यांच्या मूळ पटकथेत क्लाइड, बॉनी आणि मॉस असा तिघांचा मामला होता. निर्माता आणि नायक वॉरन बीटी आणि पेन यांनी तो काढायला लावला, आणि त्याजागी हे वैगुण्य आलं. पटकथेच्या दृष्टीने हा बदल फार शहाणपणाचा ठरला. बंदूक आता प्रेमाच्या जागी बसली. प्रत्येक दरोडा म्हणजे न झालेली रात्र. आणि ती रात्र शेवटी होते कधी? बॉनीने लिहिलेली त्या दोघांवरची कविता वर्तमानपत्रात छापून आल्यावर. तू मला अजरामर केलंस, अशा अर्थाचं काहीतरी क्लाइड आनंदून म्हणतो आणि तिथे त्याचं शरीर जागं होतं. ज्या माणसाला स्वतःची गोष्ट छापून आल्यावरच प्रेम करता येतं, त्याचं प्रेम थोर म्हणायचं की केविलवाणं? मी दुसरीकडे झुकते. पण बॉनी झालेल्या फे डनवेचा चेहरा त्या वेळी बघितला की पहिल्या तटाशी भांडायची इच्छा राहत नाही.

प्रेमपट म्हणून माझ्या मते सगळ्यात भरलेला भाग म्हणजे बॉनीची तिच्या घरच्यांशी भेट. त्याआधी ती शेतातून पळत सुटते, क्लाइड तिच्यामागे धावतो आणि वरून एका ढगाची सावली शेतावरून सरकत जाते. तो ढग कुणी आणला नव्हता, तो आला आणि त्यांनी तो कापून टाकला नाही. मग धुरकट, जुन्या फोटोसारखी दिसणारी ती सहल. क्लाइड सासूला खूश करायला सांगतो की सगळं थंडावलं की आम्ही तुमच्यापासून तीन मैलांवर घर करू. म्हातारी शांतपणे सांगते, तिथे राहिलात तर फार दिवस जगणार नाही. ही भूमिका करणारी बाई व्यावसायिक नटी नव्हती, त्या भागातली शिक्षिका होती. तिच्या सपाट आवाजाने प्रेमकथेचा शेवट तिथेच लिहिला जातो, पुढचं सगळं उशिराने पोचतं.

'उदात्तीकरण' हा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. इथे दुसऱ्या तटाकडे भक्कम पुरावे आहेत, त्यांनी ते वापरले नसतील इतकंच.

खरी बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो २३ मे १९३४ रोजी लुइझियानात मारले गेले. त्यांच्या टोळीच्या नावावर तेरा खून आहेत, त्यांत बरेच पोलीस. चित्रपटात क्लाइड एका उद्ध्वस्त शेतकऱ्याला छाती काढून सांगतो की आम्ही बँका लुटतो. त्या क्षणापर्यंत त्यांनी एकही बँक लुटलेली नाही, आणि पुढची पहिली बँक निघते बुडालेली! हा विनोद उत्तम आहे, क्लाइडच्या बढाईचा फुगा तिथल्या तिथे फुटतो. पण खऱ्या टोळीने बँकांपेक्षा छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप जास्त लुटले, म्हणजे गरिबांनाच. ते चित्रपटात मागे पडतं.

त्याहून गंभीर प्रकार फ्रँक हेमर या पोलीस अधिकाऱ्याचा. चित्रपटात टोळी त्याला पकडते, त्याची थट्टा करत फोटो काढते, बॉनी त्याचं चुंबन घेते, तो तिच्या तोंडावर थुंकतो. म्हणजे शेवटी तो घडवून आणतो तो गोळीबार अपमानाचा सूड होतो. प्रत्यक्षात असं काही घडलंच नव्हतं, टोळीने हेमरला कधी पकडलं नव्हतं. त्याच्या विधवेने आणि मुलाने कंपनीवर दावा लावला आणि १९७१ मध्ये तडजोड झाली. सूर बदलून प्रेक्षकाला अस्वस्थ करणं वेगळं. इथे पटकथेने सरळ पारडं झुकवलंय, आणि मला ते आवडलेलं नाही. क्लाइडची भावजय ब्लांश, तिचंही तेच. ज्या भूमिकेला ऑस्कर मिळालं ती किंचाळत सुटलेली बाई खऱ्या ब्लांश बॅरोला स्वतःची टर वाटली. ती तेव्हा हयात होती, आणि टोळीबरोबर होती तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली होती.

आणि एक गोष्ट वगळल्याची चुटपुट मला प्रेमपट म्हणूनच लागते. जून १९३३ मध्ये टेक्सासमध्ये गाडीचा अपघात झाला, बॉनीचा पाय भयंकर भाजला. त्यानंतर तिला धड चालता येत नसे, कित्येकदा क्लाइड तिला उचलून नेई. असं माणूस बरोबर घेऊन पळणं म्हणजे पकडलं जाण्याची हमी, तरी त्याने तिला सोडलं नाही. प्रेमाचा याहून ठोस पुरावा पटकथाकाराला कुठे मिळणार होता? पण लंगडणारी, औषधाच्या वासाची बॉनी त्या तिरप्या टोपीत शोभली नसती. तुमच्यातल्या कुणी 'हे प्रेम फॅशनच्या पानावरचं वाटतं' असं म्हटलं असेल तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपटानंतर ती टोपी आणि ते लांब स्कर्ट खरोखरच दुकानांतून खपले.

शेवटाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर जगभर लिहिलं गेलंय. एकच सांगते. चार कॅमेरे वेगवेगळ्या वेगांवर चालवून ते मरण टिपलं, पण मला महत्त्वाचे वाटतात ते गोळ्यांच्या आधीचे काही झटपट कट: उडालेले पक्षी, झुडुपं, आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं. ते पाहणं एका क्षणाचं आहे. संपूर्ण चित्रपटात न सांगितलेलं प्रेम तेवढ्यात सांगून होतं. ज्याला इथे पोटात कालवलं तो पहिल्या तटात गेला. ज्याला फक्त मंदगतीतली सुंदर हिंसा दिसली तो दुसऱ्या. आणि मग चित्रपट एकदम थांबतो, कुणी काही बोलत नाही. १९६७ मध्ये हे लोकांना अर्धवट वाटलं होतं.

आपल्याकडे २००५ मध्ये 'बंटी और बबली' आला तेव्हा त्याने या नावाची लय घेतली, छोट्या गावातला कंटाळा घेतला, कपडे घेतले आणि खून तेवढे वगळले. ठकसेनांना मोकळं सोडून शेवटी पोलिसांच्याच कामाला लावलं. मतं फुटण्याची जागाच काढून टाकली! चांगला धंदा झाला, आणि तो चित्रपट मला आवडतोही. पण त्यावर कुणाचं कडाक्याचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. उलट 'सैराट' (२०१६) आठवा. गाण्यांवर नाचत आलेले लोक शेवटच्या, आवाज काढून घेतलेल्या मिनिटांनंतर खुर्चीतून उठेनात. आणि दुसरा भाग उगाच लांबवला म्हणणारे आजही भेटतात. त्यांना विचारलं की तुमचं लक्ष कुठे उडालं, तर बहुतेक जण हैदराबादच्या झोपडपट्टीवर बोट ठेवतात. प्रेम संपून संसार सुरू होतो ती जागा.

तर तुमच्या क्लबसाठी. 'आवडला का' हा प्रश्न बंद करा, त्याची उत्तरं ऐकून काही हाती लागत नाही. प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायला सांगा: चित्रपटापासून मी कुठल्या प्रसंगात दूर गेलो, किंवा कुठल्या प्रसंगात जवळ आलो. चर्चा सुरू होण्याआधी लिहून घ्या, कारण एकदा बोलका माणूस बोलला की बाकीचे आपलं मत त्याच्याभोवती गुंडाळतात. चिठ्ठ्या प्रसंगांनुसार लावा. पार्किंग, घरच्यांची भेट आणि हेमर या तीन ठिकाणी ढीग साचले नाहीत तर मला कळवा, मी पुन्हा विचार करीन.

'संथ आहे' ही तक्रार वेगळी ठेवा. १११ मिनिटांचा चित्रपट आहे आणि तो मध्यंतरासाठी बांधलेला नाही. साधारण मध्यावर क्लाइडचा भाऊ बक आणि ब्लांश येऊन टोळी भरलेली असते, आणि हसू आणि भीती यांचा झोका वेगाने हलायला लागलेला असतो. तिथे चहासाठी दिवे लावलेत तर पुढचा भाग थंड पडणारच. आवाजही तपासा. बंदुकीचे आवाज बीटीने मुद्दाम मोठे ठेवले होते. तो स्वतः किस्सा सांगायचा की लंडनच्या खेळात आवाज मध्येच खाली जाऊ लागला, म्हणून तो वर प्रोजेक्शनच्या खोलीत गेला, तर तिथल्या माणसाने मिश्रण बिघडलंय असं समजून प्रत्येक गोळीला आवाज कमी करायची यादीच बनवली होती. तुमच्या हॉलमध्ये शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून कुणी रिमोट हातात धरून बसलं असेल तर तेच झालं असणार.

आणि पुढच्या महिन्यात जोडीला 'गन क्रेझी' (१९५०) लावा. तसंच जोडपं, तशीच पळापळ. त्यात एक बँक दरोडा आहे, कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर, अख्खा प्रसंग एकही कट न घेता. आपण बँकेच्या आत जातच नाही, जोडप्यातल्या बाईबरोबर बाहेर थांबतो. तिथे चिठ्ठ्या घ्या आणि या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून बघा.